डबा भरताना

"बघू हं, तुला किती जमतंय ते," असं म्हणून बाईंनी घड्याळाचं बटण दाबलं.

समोरची आठ वर्षांची मुलगी जागच्या जागी आक्रसली. टेबलावर लाल-पांढरे सोळा ठोकळे, शेजारी नक्षीच्या पाच कार्डांतलं पहिलं. तशीच नक्षी दोन मिनिटांत जुळवायची. मुलीने एक ठोकळा उचलला, बाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि होता तिथे ठेवून दिला. बाई वीस वर्षं मुलांची बुद्धी मोजत आल्या होत्या. पुढचं त्यांना तोंडपाठ होतं. पाचही कार्डांपुढे शून्य पडलं. गुण कमी आले की शाळा हिला काढून मंदबुद्धी मुलांच्या वर्गात घालणार होती, आणि दाराबाहेर आई त्याच गुणांच्या कागदाची वाट बघत बसली होती. बाईंना वाईट वाटलं. पण तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

"झालं गं. एवढे ठोकळे डब्यात भर बघू," म्हणत त्या बेरजेला लागल्या.

बेरीज संपवून बघतात तर डबा भरलेला! एखादा ठोकळा हरवला तर वरूनच कळावं म्हणून बाई ते नेहमी एकाच नक्षीत लावून ठेवत. मधोमध लाल चांदणी, चारी कोपरे पांढरे. ही नक्षी कुठल्याच कार्डावर नव्हती, आणि होती मात्र सगळ्यांपेक्षा किचकट. मुलीने ती मघाशी डबा उघडताना पाहिली असेल, तेवढीच. एकही ठोकळा इकडचा तिकडे झाला नव्हता.

"अगं, मग मघाशी काय झालं होतं तुला?"

"मघाशी तुम्ही मला काय येत नाही ते बघत होतात."

बाईंनी घड्याळाच्या बटणाकडे पाहिलं. ते दाबताना त्या प्रत्येक मुलाला 'बघू हं, तुला किती जमतंय ते' असंच म्हणत आल्या होत्या, तेही लाडाने.

त्यांनी दार उघडलं तशी आई ताडकन उठली. "नाही ना जमलं तिला?"

"उद्या परत आणा. मी दुसरा संच काढते. फक्त, परीक्षा आहे असं घरी म्हणू नका."

"मग काय सांगू हिला?"

मुलगी आईचा हात ओढत जिन्याकडे निघालीसुद्धा.

"काही सांगूच नकोस ना, आई."