ठकूचा रुमाल

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा बरं: दोन दिवसांची सुट्टी, जुना राजवाडा आणि बाहेरच्या गाडीवरून घेतलेले बटाट्याचे गरमागरम काप. ठकूच्या बाबांना कुठला दम धरवतोय! ते खात खातच आत शिरले. पुडी संपली तशी त्यांनी ती ठकूच्या हातात कोंबली आणि तेलकट बोटं घरच्या सवयीने शेजारच्या भिंतीला पुसली. तिथे कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी मोर रंगवला होता. त्याच्या पिसाऱ्यावर मसाल्याचे चार पट्टे उमटले.

"अरे, चित्राला हात कोणी लावला?" रखवालदार ओरडत आला. आजूबाजूचे लोक वळून बघू लागले. रखवालदाराची नजर ठकूच्या हातातल्या पुडीवर गेली. "काय गं, तूच ना?"

ठकूने बाबांकडे पाहिलं. बाबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या लोकांत कबूल तरी कसं करायचं?

"माफ करा हं, लहान आहे. कळत नाही तिला अजून," ते घसा खाकरत म्हणाले. वर ठकूलाच दटावलं, "रुमाल कशाला लावून दिलाय गं आईने?"

 

फ्रॉकला पिनेने लावलेला, घडीही न मोडलेला रुमाल ठकूने सोडवला आणि सगळ्यांसमोर बाबांचा हात धरून त्यांचं एकेक बोट पुसायला घेतलं.