पहिली तक्रार

"आली बघ तक्रार," ताई म्हणाली. "व्हिडिओ टाकून अजून चहासुद्धा उकळला नाही."

समोर बारक्या, तिचा पाठचा भाऊ, मोबाइलात डोकं घालून बसला होता. "एकच आहे ना? मग कशाला जीव टांगणीला लावतेस? कुणीतरी तपासनीस बघेल, पास करेल. एकदा माणसाने पास केलं की पुढच्या तक्रारी केराच्या टोपलीत."

त्याला ठाऊक असणारच. तो त्याच व्हिडिओ-कंपनीत तपासनीस होता. दिवसभर लोकांचे व्हिडिओ बघायचे, ठेवायचे की काढायचे ते ठरवायचं. घरच्यांच्या व्हिडिओला मात्र हात लावायचा नाही, लावला तर नोकरी गेली.

ताई लग्नांचे व्हिडिओ जोडून पोट भरायची आणि उरलेल्या वेळात रंगाच्या कारखान्याच्या हात धुऊन मागे लागायची. कारखाना नदीत काय सोडतो, ते ती दाखवायची.

"आतून काहीतरी कर ना रे," ती म्हणाली.

"केलं तरी तुला सांगेन होय? तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. कॅमेऱ्यासमोर माझे आभार मानून मोकळी होशील."

ताईला हसू आलं. थोड्या वेळाने व्हिडिओवर हिरवी खूण उमटली, पास. मग कारखान्याने पोसलेली पोरं ढिगाने तक्रारी टाकत बसली. काही उपयोग झाला नाही.

आधीच्या दोन्ही व्हिडिओंचं असंच झालं होतं. पण तो पहिला तक्रारवाला काही ताईच्या डोक्यातून जाईना. इतक्या लगेच कुणाला कळतं? तिला आता शेजाऱ्यांचाही संशय यायला लागला होता.

चौथ्या व्हिडिओत कारखान्याचा टँकरवाला स्वतः बोलला, तोंड न झाकता.

"व्हिडिओ राहिला तर चार लोक माझ्या पाठीशी उभे राहतील, ताई," तो म्हणाला होता. "उडाला, तर मी एकटा त्यांच्या तावडीत."

"नाही उडणार," ताईने शब्द दिला होता.

संध्याकाळी तिने तो व्हिडिओ टाकला आणि कप ठेवायला उठली. बारक्याच्या पाठीमागून जाताना तिची नजर त्याच्या मोबाइलवर गेली. पडद्यावर टँकरवाल्याचा चेहरा होता. खाली कारण निवडलेलं होतं, 'खोटी माहिती'. बारक्याचा अंगठा 'तक्रार पाठवा'वर टेकणारच होता.

तिने मोबाइल हिसकावला.

"तू? प्रत्येक वेळी तूच?"

"ताई, फोन दे आधी. सांगतो सगळं, पण आत्ता वेळ नाही."

"कारखान्याने काय कबूल केलंय रे तुला?"

"अगं, ऐकून तरी घे!"

"खूप ऐकलं तुझं."

ती कामाच्या खोलीत शिरली आणि तिने कडी घातली. दारावर थापा पडायला लागल्या. तिने संगणकावर व्हिडिओ लावला, कानांवर हेडफोन चढवले आणि टँकरवाल्याचा आवाज मोठा केला.

तिला रडू कोसळलं. सख्खा भाऊ, आणि घरात बसून केसाने गळा कापत होता. पण पडद्याकडे पाहून तिला धीरही आला. या वेळी तक्रार आलीच नव्हती. बघणारे वाढत होते. तिने टँकरवाल्याला निरोप पाठवला, 'घरचा भेदी सापडला. आता निर्धास्त राहा.'

मग टँकरवाल्याचा आवाज वाक्याच्या मध्येच तुटला.

पडदा काळा झाला होता. त्यावर एकच ओळ होती, 'एकाच वेळी अनेक तक्रारी आल्याने हा व्हिडिओ तपासणीविना आपोआप काढण्यात आला आहे.'

तिचा मोबाइल थरथरायला लागला. टँकरवाल्याचा फोन होता. तो उचलायचा तिला धीर होईना. तिने हेडफोन काढले.

दाराबाहेर बारक्याचा घसा बसला होता, तरी तो ओरडतच होता.

"ताई, त्यांच्या पोरांच्या आधी माझी एक तरी तक्रार जाऊ दे गं! म्हणजे माणूस बघेल, पास करेल!"