न्हाणीतली शिकवणी
“आज जीभ आवरून ठेवजो, राजा,” रुख्मिणी पोराच्या कानाशी पुटपुटली आणि लगेच तांब्याभर पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं. “साहेब आला का बापाची बोली बोलजो. आपली बोली नोको काढू. एक शब्द निंगाला तं तुले माह्यापासून घेऊन जातीन.”

जगदेवनं ओले डोळे उघडले आणि मान हलवली. तो काही बोलायला जाणार, तोच तिनं त्याच्या तोंडावर तळहात ठेवला. भिंतीपलीकडे ओसरीवर बापूराव मास्तर येरझारा घालत होते. तिनं घाईघाईनं आणखी पाणी ओतलं. पाण्याच्या आवाजात तिचा आवाज बुडायचा, म्हणून तर ती फक्त न्हाणीत बोलायची.

बापूराव वाशीमच्या इंग्रजी शाळेत शिकवत. भाषांतरं घोकून पोरं पास होतात, पण इंग्रजीत पाणी मागायची वेळ आली की तहानलेली राहतात, असं त्यांचं म्हणणं. लेकरू जसं नुसतं ऐकून मायबोली शिकतं, तसंच ते इंग्रजीही शिकेल, हे त्यांना सिद्ध करून दाखवायचं होतं. शाळेतली पोरं त्यासाठी कामाची नव्हती, त्यांच्या कानांत मराठी आधीच भरलेली. मग घरचंच पोर घेतलं.

जगदेव पाळण्यात होता तेव्हापासून त्याच्याशी फक्त मास्तरांनी बोलायचं, तेही इंग्रजीत. बाकी कोणी त्याच्यासमोर तोंड उघडायचं नाही. शाळेत जाताना ते त्याला सोबत नेत आणि वर्गात आपल्या खुर्चीशी बसवत. त्या वर्गात मराठीला बंदी. शेजारची पोरं अंगणात फिरकायला भीत. मास्तरांची आई सोजरबाई एकदा नातवाला लाडानं काही बोलून गेली, तर दुसऱ्याच दिवशी तिची रवानगी आसेगावला लेकीकडे झाली. म्हातारी पुन्हा या घरात आली नाही.

“तुह्यानं इस्कोट झाला, तं पोराले अमरावतीच्या बोर्डिंगात टाकीन,” त्यांनी रुख्मिणीला तेव्हाच सांगून ठेवलं होतं. “मंग तू बस रिठदले मायबापाजवळ.”

मास्तर बोललेलं करणारा माणूस होता, आणि तिला भीती वाटायची ती त्याचीच.

पण आईचं तोंड किती दिवस शिवून ठेवणार? दिवसभर मुकी राहिलेली ती न्हाणीत मोकळी व्हायची. रिठदचा मामा, गाईला झालेली कालवड, रात्री पडलेलं स्वप्न, सगळं त्याच्या कानात कुजबुजायची. जगदेव गुदगुल्या झाल्यागत खुदकन हसायचा, मान हलवायचा. तोंडानं उत्तर मात्र तिनं त्याला कधी देऊ दिलं नाही. एकदा जिभेला चटक लागली की ओसरीवरही तोंडातून निघून जाईल! शहाणं पोर ते, गप्प राहायचं.

दुपारी साहेबाची दमणी, बैलांची हलकी गाडी, दारात थांबली. साहेब गोरा, उंच, नागपूरहून खास मास्तरांचा प्रयोग तपासायला आलेला. रुख्मिणी स्वयंपाकघराच्या दारामागे जीव मुठीत धरून उभी राहिली.

साहेबानं चित्रं दाखवली, प्रश्न विचारले. पाच वर्षांचा जगदेव धडाधड बोलत होता. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि न कळणारा प्रत्येक शब्द ऐकून तिला बरं वाटत होतं. घटकाभरानं साहेब पाणी प्यायला, मास्तरांशी दोन शब्द बोलला आणि अचानक पोराकडे वळून मराठीत म्हणाला,

“जगदेव, तुझ्या पायाजवळ विंचू आहे!”

रुख्मिणी दचकून दाराआडून डोकावली. मेल्याला आपली बोली येते! मास्तरसुद्धा दचकून खाली बघायला लागले. जगदेव जागचा हलला नाही.

साहेब त्याचा चेहरा निरखत राहिला. मग हळूच म्हणाला, “तुझी आई बोलावते आहे.”

पोरानं दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. रुख्मिणीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला, नाहीतर हुंदका बाहेर पडला असता. केवढं धीराचं लेकरू! विंचवाचं नाव ऐकूनही आईला दिलेला शब्द मोडला नाही. एवढी समज तर थोरांनाही नसते.

साहेब हसला. त्यानं मास्तरांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. मास्तरांचे डोळे भरून आले होते. दोघं बोलत बोलत दमणीकडे गेले.

तेव्हा कुठं रुख्मिणीचा जीव भांड्यात पडला. तिनं जगदेवला आत ओढलं, छातीशी धरलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोकळ्या गळ्यानं बोलली.

“जितलास रे माह्या वाघा! आता कोनी नाई. आता बोल. मले आई म्हन. एकडाव म्हन!”

जगदेव तिच्या ओठांकडे टक लावून बघत राहिला.

“म्हन न राजा. भेऊ नोको. म्हन, आई.” तिचा आवाज चढला.

पोराचा चेहरा एवढासा झाला. तिच्या मिठीतून अंग सोडवून घेत ते दाराकडे पळालं. दारात मास्तर उभे होते. केव्हापासून उभे होते, देव जाणे. जगदेव त्यांच्या पायाला बिलगला आणि तिच्याकडे बोट करून इंग्रजीत काहीतरी विचारू लागला.

संपलं सगळं, असं तिला वाटलं. ती तिथल्या तिथे खाली बसली.

“चूक झाली माही,” ती हात जोडून म्हणाली. “मी रोज बोलत होती त्याच्यासंग न्हाणीत. मले रिठदले धाडा, पन त्याले बोर्डिंगात नोका टाकू. त्याचा काई दोष नाई. त्यानं तं मले सांभाळून घेतलं.”

मास्तर रागावले नाहीत. परीक्षा पार पडली होती म्हणून असेल, पण पोरासमोर ते पहिल्यांदाच मराठीत बोलले.

“काहून भेतं? कोनी नाई नेत त्याले,” ते हसत म्हणाले. “तो एवढंच इचारून राह्यला, आईच्या तोंडातून हे कायचे आवाज येऊन राह्यले.”