घरी नव्हत्या
महापालिकेच्या वेबसाइटवर आमच्या बिल्डिंगचा पत्ता टाकला की सगळ्या तक्रारी दिसतात. शेजारच्या मिस ओडेसांना मी त्यांच्याच तक्रारीची नोंद वाचून दाखवली: ‘लिफ्ट बंद. इन्स्पेक्टर तीनदा सहाव्या मजल्यावर गेले. तक्रारदार बाई घरी नव्हत्या. तक्रार निकाली.’ व्हीलचेअरवरच्या मिस ओडेसा खदखदून हसल्या. “लिफ्ट मार्चपासून बंद आहे, पोरी. मी काय खिडकीतून उडून गेले होते?” “परत तक्रार टाकू?” “टाकायची नाही, नेऊन द्यायची. चर्चची हॅट आण.” खुंटीवरच्या जांभळ्या हॅटवर सात महिन्यांची धूळ होती. मी ती झटकली. चौघा शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीसकट खाली उतरवलं. महापालिकेच्या ऑफिसातल्या बाईने नोंद वाचली. “तुम्ही घरी नव्हतात असं लिहिलंय इथे.” “आज नाहीये,” हॅट सरळ करत मिस ओडेसा म्हणाल्या. “आजची तारीख घाला, निदान एक नोंद तरी खरी होईल.”