बिनकानाचं यंत्र

किशोरीमावशीने जुन्या कॅल्क्युलेटरचे स्क्रू काढून तो ओट्यावर उघडला. आत हिरवी पट्टी, एक चिप आणि रबरी बटणं. भाची उल्का भिंगातून माइक शोधत होती, कारण घरातलं प्रत्येक यंत्र, अगदी मिक्सरसुद्धा, ऐकलेलं सगळं नातेवाइकांना कळवायचं.

“अगं मावशी, याला कानच नाहीत! अँटेनाही नाही!”

“मग यावर केलेलं गणित कुणाला कळतं?”

“फक्त करणाऱ्याला!”

पहिले तीन महिने गोड बातमी सांगायची नाही, ही रीत यंत्रांनी केव्हाच मोडीत काढली होती. उल्काने घाईघाईने सेल बसवला, मावशीला दिसेल असे तीन महिन्यांच्या नव्वद दिवसांतून सरलेले बावन्न वजा केले आणि एक हात पोटावर ठेवून उरलेले अडतीस तिच्यासमोर धरले.

मावशीने रिकामा मिक्सर सुरू केला आणि त्या घरघराटात आनंदाने किंचाळली.