दिलेला शब्द

“बेड,” ती बाई म्हणाली. “बेड, बेड.”

डॉक्टर मानसिंग शिर्के शरमले. शहात्तर साल होतं. सांगलीच्या त्या इस्पितळात कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेसाठी ट्रक भरभरून बायका येत होत्या आणि खाटा होत्या तेवीस. उरलेल्या बायका व्हरांड्यात, घोंगडीवर. कुणी तक्रार करत नव्हतं, म्हणून डॉक्टरांचंही झाकली मूठ म्हणून चाललं होतं. आणि आज जतच्या पलीकडून आलेल्या या निंगव्वानं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं.

तिला मराठीचं अक्षर येत नव्हतं. डॉक्टर मेढ्याचे, कानडीच्या वाटेला कधी न गेलेले. तिच्या भडाभडा बोलण्यातला तेवढा एकच शब्द त्यांना कळला.

“लय नखरं करतीया ही, सायब,” तलाठी म्हणाला. बायकांना ट्रकमध्ये घालून तोच घेऊन आला होता. निंगव्वाचा अंगठा त्यानं शाईच्या पॅडवर धरला होता आणि ती हात मागं ओढत होती. “उरका आता. तालुक्याचा आकडा पुरा व्हायचाय.”

“जमिनीवर निजवायचं आणि वर नखरे म्हणायचं?” डॉक्टर तडकले. “सोडा हात तिचा.”

तलाठ्यानं हात सोडला. विजयमाला सिस्टर ट्रे घेऊन शेजारी उभ्या होत्या. त्यांचं माहेर जतकडचंच.

“साहेब, ती बेड...”

“कळलं मला, सिस्टर. मराठी नसलं तरी तेवढं इंग्रजी येतंय तिला.”

डॉक्टरांची ही खोड जुनी होती. समोरच्यानं वाक्य सुरू केलं की त्याचा शेवट ते स्वतःच करून टाकत. दिवसाला शंभर रोगी तपासणाऱ्याला अशी खोड लागतेच, आणि सिस्टरांना ती सोसायची सवय लागते. त्या दिवसांत तर कुणी कुणाला फार काही समजावून सांगायच्या फंदात पडत नसे. नोकरी ज्याला त्याला प्यारी होती.

डॉक्टर निंगव्वापुढं वाकले. छातीवर हात ठेवून, तिला कळावं म्हणून सावकाश म्हणाले, “बेड. मी सांगतो ना, बेड. नक्की!”

तिचा चेहरा पालटला. तिनं डॉक्टरांकडं पाहिलं, तलाठ्याकडं पाहिलं, आणि दोन्ही हात जोडले. मग कागदावर अंगठा उमटवायला तिनं मुळीच खळखळ केली नाही. गरिबाला किती थोडं पुरतं, असं वाटून डॉक्टरांना भरून आलं.

टेबलावर घेतल्यावर ती पुन्हा बेड, बेड करू लागली. “झाल्यावर, बाई, झाल्यावर,” डॉक्टर म्हणाले, आणि तिला भूल चढली.

खाट काही मिळाली नाही. संध्याकाळी आणखी एक ट्रक आला. निंगव्वा सात दिवस व्हरांड्यात घोंगडीवर पडून राहिली. राउंडला डॉक्टर आले की ती भिंतीकडं तोंड फिरवायची. डॉक्टर तिच्यापाशी आले की पाय उचलून चालायचे.

चौथ्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, “साहेब, त्या निंगव्वाचं जरा सांगायचं होतं.”

“नका सांगू. मला लाज वाटते. शब्द दिला आणि पाळला नाही.”

सिस्टरांनी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. मग खाली बघून पट्ट्या गुंडाळायला घेतल्या.

लाज काही गेली नाही. जेवताना घास हातात राहायचा. घरी आपल्या पलंगावर अंग टाकलं की तो व्हरांडा डोळ्यांपुढं यायचा. शेवटी दीड वर्षानं डॉक्टरांनी एक लोखंडी खाट बनवून घेतली. तिला हिरवा रंग दिला, वर कापसाची गादी घातली आणि निंगव्वाच्या गावच्या आरोग्य उपकेंद्राला ती भेट द्यायची ठरवली. वरातीमागून घोडं, पण निघालं खरं. सोबत विजयमाला सिस्टर होत्या.

“साहेब, अशी खाट देऊन...” जीपमध्ये सिस्टर म्हणाल्या.

“काही भरून निघत नाही. माहीत आहे मला.”



उपकेंद्राच्या ओसरीत खाट मांडली. निरोप गेला तशी निंगव्वा आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. पूर्वीपेक्षा वाळली होती.

“मुलं शाळेत का हिची?” डॉक्टरांनी विचारलं.

“एकच मुलगी आहे तिला, साहेब.”

“कागदावर तीन होती की.”

“होय,” सिस्टर म्हणाल्या. “कागदावर.”

आकडे लिहिण्यात तलाठ्यांचा हात सढळच असतो, असं मनाशी म्हणून डॉक्टरांनी तो विषय सोडला. ज्यासाठी आलो ते आधी करू. चारचौघांत त्यांनी निंगव्वापुढं हात जोडले.

“बाई, माझं चुकलं. शब्द देऊन मी तुम्हाला जमिनीवर निजवलं. ही खाट तुमच्या नावानं दिली.”

तिला काही कळलं असं दिसलं नाही.  तेवढ्यात चहा आला. सिस्टरांनी एक कप डॉक्टरांना दिला आणि दुसरा निंगव्वापुढं धरला. तिनं तो हातानं मागं सारला.

“बेड,” ती म्हणाली.

डॉक्टरांचे डोळे भरून आले. “बघा सिस्टर! अजून विसरली नाही ती. होय बाई, बेड! हाच तो!” त्यांनी गादीवर थाप मारली. मग रुमाल काढून ते डोळे-नाक पुसू लागले. त्यामुळं एवढ्या दिवसांत प्रथमच विजयमाला सिस्टरांना त्या शब्दाबद्दलचं आपलं वाक्य पुरं करता आलं.

“चहा नको म्हणतेय ती, साहेब.”