सायबू पैलवानाचे वाघ

सायबू पैलवानाच्या गुडघ्यात बाभळीचा काटा मोडला, तेव्हा त्याने जखमेवर आखाड्याची तांबडी माती चोळली आणि दवाखान्यात जा म्हणणाऱ्यांना तो हसला. “माझ्या रक्तात वाघ पाळलेत, वाघ!”

पंधरवड्यात गुडघा कलिंगडाएवढा झाला. डॉक्टरीणबाईंनी सुईने तांब्याभर पू काढून तपासला. “जंतू एकही जिवंत नाही.”

“बघा!” त्याने मिशीला पीळ दिला. “जत्रेतली गदा आपलीच.”

“वाघच ते, पैलवान. पांढऱ्या पेशींनी एंझाइम ओतून जंतू विरघळवले, आणि त्याच एंझाइमांनी सांध्यातली गादीही विरघळली. गुडघा आता वाकायचा नाही.”

त्यानंतर सायबूची पाठ कुणीही मातीला लावू शकलं नाही, असं तालमीतले अजून छाती फुगवून सांगतात. खोटं नाही. जत्रेत तो फडाबाहेर स्टुलावर बसून पैलवानांच्या चपला राखतो.